पॅकमध्ये अडकलेला ढावलो

आधी याडीचं सांगते. तिचं सांगितल्याशिवाय बाकीचं काही सांगायला मला तोंड नाही.

याडी म्हणजे आई, बंजारा लोकांच्या गोरबोलीत. ती माझी आई नव्हे, नात्यातलीही नव्हे. आम्ही वणीकडचे, राजूरचे, बौद्ध. ती बोरी अरबजवळच्या एका तांड्यावरची. तांड्यावर लहानमोठे सगळेच तिला याडी म्हणायचे, मीही म्हणू लागले. ज्या वर्षी माझं काम गेलं आणि कामासोबत राहायची जागाही गेली, त्या वर्षी तिनं मला आपल्या घरात अंथरूण टाकायला जागा दिली. चुलीवरची पहिली बाटी, म्हणजे आमची भाकर, ती माझ्या ताटात टाकायची. माझ्या बाबांशी फोनवर बोलून तिनं माझं लग्न थांबवलं आणि शेवटी भाचीसोबत मला पुण्याकडे पाठवलं. आज माझ्या पोटात जे काही जातं, त्यात तिचा हात आहे. आणि हे तिनं अशा वेळी केलं, जेव्हा मी ज्या दुकानात काम करत होते त्याच दुकानात तिचं सगळ्यात मोलाचं काहीतरी अडकून पडलं होतं. ते काय, कसं, हे आता सांगते.

माझी शाळा नववीत सुटली. बाबा चुनाभट्टीवर होते, त्यांचा दमा वाढला आणि घरातून एक तोंड कमी करायचं ठरलं. बोरीला फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या भाऊंची बायको राजूरची, आमच्याच गल्लीतली. वहिनी माहेरी आली तेव्हा मला सोबत घेऊन गेली. राजूरहून वणी, वणीहून यवतमाळ, तिथून बोरी. बसमध्ये मी सारखी मागे वळून पाहत होते. ते गाव माझ्यासाठी परदेशच होतं.

भाऊंनी मला कॉम्प्युटरवर बसवलं. फोटो कापणं, रंग सुधारणं, नंतर लग्नाचा व्हिडिओ जोडणं. हात बसला. वहिनी म्हणायची, "हिले शाळेत कोनी माऊस देला असता तं पास झाली असती." मी हसायचे. खरं तर मला सारखी भीती असायची की एक दिवस माझ्याकडून काहीतरी उडेल आणि हे लोक मला परत पाठवतील.

सुरुवातीला भाऊंचं सगळं काम सुटं सुटं होतं. अल्बम एका सॉफ्टवेअरमध्ये, व्हिडिओ दुसऱ्यात, फोटो साध्या फोल्डरमध्ये, त्यावर नवरदेवाचं आडनाव. पसारा होता, पण कुठलाही फोटो कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडायचा. मग नागपूरहून एक एजंट आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा. म्हणाला, अल्बमचं डिझाइन, व्हिडिओ, साठवण आणि छपाई, सगळं एकाच पॅकमध्ये. पहिलं वर्ष फुकट. अट एकच, अल्बम आमच्याच लॅबमध्ये छापायचे.

वहिनी चहा देता देता म्हणाली, "फुकट तं आमची शेजारीन चटनीबी देत नाई."

"अवं, तुले काय समजते त्यातलं," भाऊ म्हणाले. "त्यायचंच सॉफ्टवेअर, त्यायचीच लॅब. आपल्या डोक्याले ताप नाई."

आणि पहिल्या वर्षी खरंच ताप नव्हता. कॅमेऱ्याचं कार्ड लावलं की पॅक फोटो आपोआप आत घ्यायचा, चेहरे ओळखायचा, पानं मांडायचा. एकदा आत गेलेला फोटो मात्र साध्या फोल्डरमध्ये दिसत नसे. तो पॅकच्या आपल्या पेटीत, पॅकच्या आपल्या भाषेत बसायचा. बाहेर काढायचा तर 'फायनल' काढायची, म्हणजे सगळं काम पूर्ण करून एक वेगळी, कुठेही चालणारी प्रत तयार करायची. आणि कार्ड आम्ही लगेच पुसायचो, कारण दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न असायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. लग्नं चैत्र-वैशाखात होतात. पण अल्बम नेतात कापूस घरी आल्यावर, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन पहिली वेचणी झाली की. तोवर आम्ही फायनल काढत नसू. कारण मधल्या महिन्यांत रुसवे-फुगवे चालू असायचे. एकदा एक मावसा थेट दुकानात येऊन म्हणाला, "माहा फोटो मांगच्या पानावर काहून? अन् त्या चहावाल्याचा पुढं? तो काय मुलीचा मामा हाये?" असं झालं की छापलेलं पान वाया. म्हणून भाऊंचा नियम होता: गिऱ्हाईक समोर बसंन, त्याच्यापुढं फायनल काढू. साऱ्या बोरीत, दारव्ह्यात असंच चालायचं. उन्हाळ्यातली सगळी लग्नं दिवाळीपर्यंत अर्धवट, पॅकच्या पोटात पडून असायची. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षापासून पॅकचा दरमहा हप्ता सुरू झाला. मग तो वाढला. भाऊंनी फोन केला की मला फक्त व्हिडिओवालं द्या, बाकीचं नको. तसं मिळत नव्हतं. घ्यायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. भाऊ चिडून जुन्या सॉफ्टवेअरकडे परत गेले, पण पॅकमधलं काम त्यात उघडेना. दोन हंगामांचं काम आत होतं. ते सोडून कुठे जाणार? भाऊ हप्ता भरत राहिले.

त्याच वर्षी वैशाखात याडीच्या मुलीचं लग्न झालं.

तांड्यावरच्या लग्नात निरोपाच्या वेळी नवरी ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत, गाण्यातच बोलते. चाल ठरलेली असते, काही ओळीही ठरलेल्या, पण मधले शब्द प्रत्येक मुलीचे आपले असतात. बापाला वेगळे, मैत्रिणींना वेगळे, आईला सगळ्यात शेवटी. भाऊंनी नवरीच्या ओढणीला छोटा माइक लावला होता, म्हणून त्या गोंधळातही तिचा आवाज स्वच्छ आला. तो व्हिडिओ मी जोडला. दोन कॅमेरे होते. ओठ आणि आवाज जुळवायला तोच तुकडा मी पुन्हा पुन्हा लावायचे. गोरबोली मला येत नव्हती. एक 'याडी' सोडून एक शब्द कळत नव्हता. तरी तो आवाज कानात बसला.

मग बोंडअळी आली. वरून बोंडं हिरवीगार दिसायची, फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडका कापूस. बोरीच्या बाजारात माणसं बोलेनाशी झाली. दसरा गेला, दिवाळी गेली, अल्बम न्यायला कोणी येईना. येणार तरी कशाच्या जोरावर? भाऊंचा हप्ता थकला. एका सकाळी मी कॉम्प्युटर लावला तर मधोमध एक चौकट आली: तुमचा पॅक संपला आहे. मागे सगळी लग्नं दिसत होती, नखाएवढ्या फोटोंच्या रांगा. प्रत्येक फोटोवर बारीक कुलूप. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी झालं. मी ओरडून भाऊंना हाक मारली.

"तुनं काई नाई केलं," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी याडी दुकानात आली. अंगात आरसे लावलेली कांचळी, तांड्यावरच्या बायांची चोळी, हातात पिशवी. भाऊंना वाटलं, अल्बम न्यायला आली. ते आधीच बोलू लागले, "काकू, जरा कंपनीचा लोचा हाये, आठ दिवस थांबा..."

"अल्बम नको मले," ती म्हणाली. "पोरीचं गानं द्या."

"कोनतं गानं?"

"जातानी म्हनलं ते. माही पोरगी गेली, भाऊ. पोळ्याच्या मांगंपुढं ताप आला. तिकडं सासरीच. म्या पोहोचली तवा डोळे मिटले होते तिनं."

वहिनीनं स्टूल पुढे केलं. याडी बसली नाही. तिनं एवढंच सांगितलं की लग्नाचे दोन-चार फोटो कोणाच्या तरी मोबाईलमध्ये आहेत, हळदीचे, पण आवाज कोणाकडे नाही. आणि ढावलोच्या वेळी ती स्वतः इतकी रडत होती की मुलीनं गळ्यात पडून तिला काय म्हटलं, त्यातला एक शब्द तिला ऐकू आला नव्हता.

"सगळ्या बाया मले इचारते, काय म्हनलं तिनं तुले? म्या काय सांगू?"

मी तिला पडद्यावरचा फोटो दाखवला. नखाएवढी मुलगी, आईच्या खांद्यावर डोकं, त्यावर कुलूप. याडीनं पडद्यावर बोट ठेवलं आणि दाबलं. तिला वाटलं असेल, दाबलं की उघडतं. पुन्हा तीच चौकट आली.

भाऊंनी तिच्यासमोरच एजंटला फोन लावला, स्पीकरवर. म्हणाले, हप्ता भरतो, कुठूनही आणतो, एक दिवस उघडून द्या.

"भाऊसाहेब, तो पॅक कंपनीनं बंद केला," एजंट म्हणाला. "आता नवा आहे. वर्षाचाच मिळतो."

"नवा घेतला तं जुनं काम उघडन का?"

"उघडेल ना. फक्त आधी जुन्या पॅकमधून नव्यात हलवावं लागेल. त्यासाठी जुना चालू पाहिजे."

"जुना तं तुमीच बंद केला ना बाप्पा!"

"हो ना," एजंट म्हणाला. बिचारा तोही नोकरच.

भाऊ हार्डडिस्क घेऊन यवतमाळला गेले. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं पाहिलं, मोठमोठ्या फाइली दिसत होत्या, भलभलत्या नावांच्या, पण एकही उघडेना. माल आहे, म्हणाला, पण वाचता येईल असा नाही. भाऊ परत आले तेव्हा न जेवता झोपले. हिवाळा संपायच्या आत त्यांनी दुकान आवरलं. वहिनीच्या भावाकडे नागपूरला जायचं ठरलं. तिथे एका खोलीत पाच माणसं, मला कुठे नेणार? वहिनी रडली. म्हणाली, "तू घरी जाय बाई." जाताना भाऊंनी ती हार्डडिस्क माझ्या हातात दिली. "याडीले नेऊन दे. उघडो का न उघडो, वस्तू तिची हाये."

घरी जायची मला भीती होती. तिकडे बाबांनी माझ्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलगा वाईट नसेलही, पण मला अजून काही व्हायचं होतं, काय ते माहीत नव्हतं. मी कपड्यांची पिशवी घेऊन आधी तांड्यावर गेले. वाटलं, ती हार्डडिस्कची डबी द्यावी आणि मग काय ते पाहावं. तोंड कसं दाखवायचं, याचा विचार करत करत पूर्ण रस्ता चालले.

याडी अंगणात कापूस पसरत होती, अळीनं खाल्लेला, पिवळा. मी डबी पुढे केली, काय आहे ते सांगितलं. तिनं हातात घेऊन उलटसुलट पाहिली, कानाशीही धरली. मग मला परत दिली.

"म्या याचं काय करू? तूच ठेव. तुले समजते. जेवली का?"

मी नाही म्हणाले.

"आव छोरी, बेस," ती म्हणाली. ये पोरी, बस.

मी बसले ती फरदडीचा, म्हणजे दुसऱ्या बहराचा, कापूस संपेपर्यंत तिथेच राहिले. सकाळी तिच्यासोबत वेचायला जायचे. मला नीट जमत नसे, बोटं सोलायची. ती म्हणायची, "पाह्य कशी वेचते, जसं कापसाले गुदगुल्या करून राह्यली." आजूबाजूच्या बाया हसायच्या. तीही हसायची, आणि मग एकदम पुढच्या झाडाकडे वळायची.

एके दिवशी वेचता वेचता मी काहीतरी गुणगुणत होते, माझं मलाच कळलं नाही. याडीचा हात थांबला.

"हे कुठून आनलं?"

तेव्हा मला समजलं की मी ढावलो म्हणत होते. अर्थ माहीत नसलेले, नुसते आवाज, कॉम्प्युटरवर ऐकून ऐकून जिभेवर आलेले. याडी माझ्यासमोर कापसाच्या ओळीतच बसली. "म्हन," ती म्हणाली. "आइकलं तसंच म्हन."

मी म्हणू लागले. ती एकेक आवाज पकडायची, जुळवायची, मराठीत सांगायची. याडी, मी परक्याच्या वाटेला लागले. ही ठरलेली ओळ, म्हणाली, सगळ्याच म्हणतात. पुढे पाण्याचं काहीतरी आलं, डोक्यावरच्या हंड्याचं. याडीचे डोळे भरले. "माहे गुडघे दुखते तिले माहीत होतं. हंडा नको उचलू म्हनते." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, कुलूप राहिलं बाजूला, मीच उघडलं. मी भराभर पुढचं म्हणू लागले. एक ओळ आली, तिचा सूर मला फार आवडायचा, ती मी जोरात म्हटली.

याडी माझ्याकडे पाहत राहिली.

"हे तिचं नाई," ती म्हणाली.

"काहून?"

"याच्यात भाऊ हाये. माह्या भावाले सांभाळ म्हनते. माह्या पोरीले भाऊच नव्हता."

त्या हंगामात मी तांड्यांवरची कितीतरी लग्नं जोडली होती. माझ्या डोक्यात सगळ्या मुली एकमेकींत मिसळल्या होत्या. मग हंड्याची ओळ तरी कोणाची? मला सांगता येईना. मी घाबरले, पुन्हा पुन्हा आठवू लागले, तसतसे होते तेही आवाज निसटू लागले. मी म्हणाले, याडी, हंड्याचं तिचंच असेल. तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं म्हणाली, "तरी म्हन."

"पण याडी, हे दुसऱ्या कोणाचं..."

"असू दे. कोनाचीतरी पोरगीच हाये ना. म्हन."

मी म्हटलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. नंतर आम्ही कापसाची उरलेली ओळ वेचली. त्यानंतर तिनं मला कधी म्हणायला सांगितलं नाही. पण तिला अजून माहीत नाही, तिच्या मुलीनं शेवटी तिला काय म्हटलं. ते फक्त त्या फाइलीत आहे.

माझ्या बाबांचा फोन आला तेव्हा तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला. "दादा, पोरीले कामाचा हात हाये. एवढ्यात बांधू नका. म्या एक बांधून पाठवली, वर्षबी नाई झालं." बाबा म्हणाले, तुमी म्हनता तं राहू द्या. माझ्यासाठी कोणी असं कधी बोललं नव्हतं. याडीची भाची आणि तिचा नवरा चाकणकडे कामाला निघाले, त्यांच्यासोबत तिनं मला धाडलं. फडक्यात बाटी आणि लाल मिरचीची चटणी बांधली. एसटी हलली तेव्हा ती रडली नाही. मीच रडले, आणि मला काही म्हणायला सुचलं नाही.

आता मी इथे अल्बम छापणाऱ्या एका कारखान्यात आहे. इथेही पॅकच आहे, दुसऱ्या कंपनीचा. आमचे फोटो त्यात जातात आणि त्यातच राहतात. मी मात्र रोज सुटीच्या आधी प्रत्येक कामाची साधी प्रत वेगळी काढून ठेवते. सुपरवायझर म्हणतो, कशाला वेळ घालवतेस, सगळं सेफ आहे. मी हो म्हणते आणि काढते. हात थांबत नाहीत.

भाऊंची डबी मी तिघा-चौघांना दाखवली. एकानं सांगितलं, विसरून जा. एक दादा, जुन्या फाइली वाचून काढायचं काम करणारा, म्हणाला की आवाजाचा भाग बहुतेक मोडलेला नाही, पण त्या कंपनीनं तो आपल्या पद्धतीनं बांधलाय. ती गाठ कशी आहे ते कळलं तर सुटेल, वेळ लागेल, खात्री नाही. मी रविवारी त्याच्याकडे शिकायला जाते. नववी शिकलेलीला अर्धं समजत नाही. तो पुन्हा सांगतो, मी पुन्हा विचारते.

याडीला फोन करते तेव्हा ती डबीचं विचारत नाही. जेवलीस का, एवढंच विचारते. मीही फोनवर काही कबूल करत नाही, उगाच तिची आस वाढायला नको. म्हणून इथे लिहून ठेवते. याडी, तुझं मीठ मी खाल्लंय. उशीर होईल, मला मुळापासून सगळं शिकावं लागेल, पण एक दिवस मी तांड्यावर येईन आणि तुझ्या पोरीचा आवाज तुला ऐकवीन. तिचाच. दुसरीची एक ओळ त्यात येऊ देणार नाही.